नाना दातारांची सही

आमच्या सोसायटीत येणारे कुरिअरवाले पाकिटावर नाना दातारांचं नाव दिसलं की कपाळाला हात लावायचे. नाना पहिल्या मजल्यावर, आणि त्यांच्या समोरचं दार माझं, त्यामुळे हा तमाशा मला घरबसल्या फुकटात दिसायचा. कुरिअरवाला म्हणायचा, "आजोबा, इथं सही करा." नाना चष्मा शोधायचे, कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि म्हणायचे, "इथे लिहिलंय, वस्तू सुस्थितीत मिळाली. मी अजून वस्तूचं तोंडही पाहिलेलं नाही. उघडा." मग दारातच खोका फुटायचा. आतला मिक्सर नाना उलटापालटा करून बघायचे, भांड्याला तडा नाही ना हे नखानं वाजवून तपासायचे, आणि मग सही. तोवर खाली त्याची गाडी कुणीतरी हलवायला सांगत असायचं.

"आधी वाचा, मग सही. आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर सहीच नाही." हे त्यांचं पालुपद होतं. दूधवाल्यालाही ऐकवायचे.

सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर सेक्रेटरी इतिवृत्तावर सह्या गोळा करत फिरायचे. नानांच्या दारात ते अर्धा तास अडकायचे. एकदा नाना म्हणाले, "यात 'सर्व सभासदांनी एकमताने मंजूर केले' असं लिहिलंय. मी हात वर केला नव्हता. मी पेंगत होतो."

"अहो नाना, तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत असेल. 'एक सभासद पेंगत होते' असं लिहा, लगेच सही करतो."

सेक्रेटरींनी वैतागून तसं खरंच लिहिलं. ते इतिवृत्त अजून फाइलला आहे, कुणी बघायला मागितलं तर दाखवता येईल.

सगळ्यात कहर केला तो पुतण्याच्या लग्नात. नोंदणी पद्धतीनं लग्न होतं आणि साक्षीदार म्हणून नानांचं नाव. सगळे हार हातात घेऊन उभे, आणि नाना नवऱ्या मुलीला कोपऱ्यात घेऊन विचारतायत, "बाळ, तुझ्या मर्जीनं चाललंय ना हे? कुणी भरीला तर घातलं नाही ना?" ती आधीच बावरलेली, तिला रडूच फुटलं. झालं! दोन्हीकडची मंडळी नानांवर तुटून पडली. पुढे वर्षभर त्यांना त्या घरातून साधं हळदीकुंकवाचं आमंत्रणही आलं नाही. मी म्हटलं, "नाना, हे जरा अतीच झालं हं." ते म्हणाले, "बाई, अती झालेलं परवडतं." मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून मी सगळ्यांची बाई. नानांचीही.

पण हे नाना नंतरचे. आधीचे नाना असे नव्हते.

आधीच्या नानांचं सातारा रस्त्यालगत स्टेशनरीचं दुकान होतं. वह्या, कार्बन पेपर, झेरॉक्स, रबरी शिक्के. दुकानाला लागून पोलीस चौकी. आणि नानांची सही म्हणजे काय सांगू! 'द' चा असा गोलदार झोका, की अख्खं नाव त्यात बसावं. खाली दुहेरी रेघ आणि शेवटी दोन ठिपके. ती सही करायला त्यांना मनापासून आवडायचं. शाळेचा दाखला हरवला, भाडेकरार करायचाय, चाळीतल्या कुणाची ओळख पटवायचीय, की लोक नानांकडे. नानांनी कधी कुणाला परत पाठवलं नाही. "आपली एक सही, त्याचं काम होतं, आपलं काय जातं?" असं म्हणायचे आणि टोपण काढायचे.

चौकीतले हवालदार तर शेजारीच. कुठे चोरीचा माल सापडला, कुठे झडती झाली, की पंचनामा करावा लागतो. म्हणजे काय पाहिलं, काय मिळालं, ते कागदावर लिहायचं आणि तिथे हजर असलेल्या दोन प्रतिष्ठित माणसांनी पंच म्हणून खाली सही करायची. आता रस्त्यानं जाणारा कोण पंच व्हायला तयार होतो? कोर्टाचे हेलपाटे कुणाला हवेत? मग हवालदार कागद तयार करूनच दुकानाच्या काउंटरवर ठेवायचे. "नाना, तेवढी एक सही." बरोबर कटिंग चहा. नाना गिऱ्हाइकाला पेन्सिली मोजून देता देता सही करायचे. कुठली झडती, कुठलं घर, काही नाही. दुसरी सही शेजारच्या सलूनवाल्याची. तो पुढे गावी गेला आणि तिकडेच वारला. असे किती पंचनामे झाले असतील, नानांनाच ठाऊक नव्हतं. सगळी ओळखीची माणसं, नाही कसं म्हणायचं!

त्यातला एक कागद मंगलचा होता.

मंगल आमच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करायची. माझ्याकडे आठ वर्षं होती. माझ्या घराची किल्ली तिच्याकडे असायची. मी गावाला गेले की कुंड्यांना पाणी तीच घालायची. माहेर लोणी काळभोरचं, नवरा गवंडीकाम करता करता पडून गेलेला, एक मुलगी. कात्रजच्या डोंगराच्या उतारावर नवऱ्यानं बांधलेली एक पत्र्याची खोली. बडबडी इतकी, की मी वर्तमानपत्र दोनदा वाचायची, एकदा ती यायच्या आधी आणि एकदा ती गेल्यावर.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुलभावहिनींच्या दोन पाटल्या गेल्या आणि त्यांनी मंगलचं नाव घेतलं. दुपारी पोलीस आले आणि माझ्या स्वयंपाकघरातून तिला घेऊन गेले. हात साबणाचे होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, सांगा की ह्यास्नी." मी काय सांगितलं? मी म्हटलं, "जा गं, खरं काय ते सांग, सोडतील." एवढंच. चौथ्या दिवशी मी दुसरी बाई लावली. भांडी पडून राहतात का?

चार दिवसांनी पाटल्या मंगलच्या खोलीत पिठाच्या डब्यात सापडल्या, असं कळलं. पंचनामा झाला होता. पंच, नाना दातार. मला तर बाई वाटलंच, चला, म्हणजे खरंच घेतल्या होत्या तर. नानांनी स्वतः पाहिलंय म्हटल्यावर संपलं. असा त्या सहीला मान.

जामीन राहायला तिला कुणी नव्हतं, म्हणून खटला उभा राहीपर्यंत ती येरवड्याला आतच होती. वर्ष-सव्वा वर्षानं नानांना कोर्टाचं समन्स आलं. हवालदार म्हणाला, "नाना, काही नाही. सही माझीच आहे म्हणायचं, कागदात लिहिलंय तसं घडलं म्हणायचं. पाच मिनिटांचं काम." पुढचं मला नानांनीच सांगितलं, एकदा नाही, दहादा. प्रत्येक वेळी शब्दाला शब्द तोच.

शपथ घेतली. सही ओळखली. "मी पोलिसांबरोबर आरोपीच्या घरी गेलो होतो. आरोपीने माझ्यासमोर डब्यातून दोन पाटल्या काढून दिल्या." हे म्हणताना काही वाटलं नाही, असं नाना म्हणायचे. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सांगितलं. मग मंगलचा वकील उठला. सरकारनं दिलेला, नवखा.

"खोलीचं दार कुठल्या दिशेला आहे?"

नाना म्हणाले, "पूर्वेला."

"डबा कसला होता?"

नानांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या घरातला, त्यांच्या आईच्या वेळचा डबा आला. "पत्र्याचा," ते म्हणाले.

तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून मंगल ओरडली, "अवो आजोबा, माझ्याकडं पत्र्याचा डबाच न्हाई! पलास्टिकचा हाय, निळा! तुम्ही कवा आलता माझ्या घरी?"

तिला गप्प बसायला सांगितलं गेलं. वकिलालाही तो धागा धरता आला नाही, त्यानं कागद उलटा केला आणि पुढचा प्रश्न विचारला. नाना पिंजऱ्याकडे बघायचं टाळत खाली उतरले. तीन वर्षांची शिक्षा झाली. निकालात लिहिलं होतं म्हणे, की पंच हे वयस्कर, प्रतिष्ठित व्यापारी असून त्यांना खोटं बोलण्याचं काही कारण नाही. अगदी खरं होतं ते. काही कारणच नव्हतं.

तरीही नानांनी मनाची समजूत घातली होती. डबा कसला का असेना, पाटल्या तर सापडल्या असतीलच ना? पोलीस उगाच कशाला लिहितील? त्या समजुतीला सुरुंग लावला तो मी. आणि मी काही पुण्य म्हणून नाही लावला, हे आत्ताच सांगून टाकते.

निकालानंतर महिनाभरानं सुलभावहिनी माझ्याकडे विरजण मागायला आल्या आणि ओट्याशी टेकून बोलत बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे. कुणाला सांगू नका हं, पण पाटल्या माझ्या मलाच सापडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी. शालूच्या घडीत ठेवल्या होत्या आणि विसरले होते. पण तक्रार देऊन झालेली, तिला आत घेतलेलं. हे म्हणाले, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मग यांनी चौकीत नेऊन दिल्या, आणि त्यांनी ते काय ते व्यवस्थित केलं." मग विरजण घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "तशी ती उद्धटच होती."

आणि मी काय केलं? संध्याकाळी नानांच्या दारात उभी राहून त्यांना सांगितलं. ओझं माझ्या डोक्यावरून त्यांच्या डोक्यावर. नाना दारातल्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्या डब्यात पीठच होतं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, तेव्हा चौकीतून एक जण कागद घेऊन आला. नाना म्हणाले, "चला, दाखवा कुठे काय सापडलंय. मी येतो." तो हसला. नाना हसले नाहीत. त्यानंतर त्यांच्याकडे कागदही आला नाही आणि चहाही. पावसाळ्याच्या आधी त्यांनी दुकान विकून टाकलं. ती झोकदार सहीही गेली. पहिलीतल्या मुलासारखी एकेक अक्षर सुटं लिहायचे, ना रेघ, ना ठिपके. बँकेनं सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं.

मग येरवड्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला, मुलाखतीच्या दिवशी, दोन बस बदलून. पहिल्या दिवशी भेटीच्या अर्जात 'कैद्याशी नाते' असा रकाना होता. नानांनी त्यात लिहिलं, 'खोटा पंच'. खिडकीतला माणूस वाचून वर बघायला लागला. "आजोबा, असं नातं नसतं. काका लिहा, मामा लिहा, काहीतरी लिहा."

"पुन्हा खोटं लिहू?" नाना म्हणाले.

शेवटी 'परिचित' यावर तडजोड झाली. तीही नानांना मान्य नव्हती, कारण समोरच्या दारात येता-जाता दिसली, एवढ्याला परिचय म्हणायचं का? मंगल समोरच आली नाही. दुसऱ्या आठवड्यात नाही, तिसऱ्या आठवड्यात नाही. नाना डबा नाही, फळं नाहीत, काही न घेता जायचे, नाव पुकारलं की उठायचे, "ती येत नाही म्हणते" असं ऐकायचे आणि परत यायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, कशाला मान खाली घालून घेताय दर आठवड्याला?" तर म्हणाले, "तिला घालावी लागली, तेवढी कुठे गेलीय अजून खाली?"

सहा महिन्यांनी ती आली. जाळीपलीकडून उभ्याउभ्याच बोलली. नाना माफी मागायला तोंड उघडणार, तर तिनं हात वर केला. "माफी घरी ठिवा तुमची. माझी पोर लोणीला भावाकडं हाय. वहिनी तिला चोराची म्हणून हाका मारती. भाऊ म्हणतो, कोर्टानं चोर म्हटलंय, कोर्टानंच न्हाई म्हणू दे, मग पोर तुझ्याकडं. तुम्ही मला चोर केलंसा, तुम्हीच पुसा." आणि गेली.

नानांना काम मिळालं. त्या दिवसापासून ते जगले ते एवढ्याचसाठी.

त्या सुमारास मी त्यांना एक जाडजूड रशियन कादंबरी वाचायला दिली, मराठीत आलेली. त्यातही एक मोठा माणूस एका गरीब बाईचं वाटोळं करतो आणि मग पश्चात्ताप करत तिच्यामागे फिरतो. मला वाटलं, नानांना आधार वाटेल. मास्तरणीच्या डोक्यात दुसरं काय येणार? तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून. म्हणाले, "चांगलं लिहिलंय. पण बाई, शेवटी त्या गृहस्थाला बरं वाटतं. त्याला बरं वाटण्यासाठी ती बाई इतकी पानं रखडली का?" मी ते पुस्तक नंतर कुणाला दिलेलं नाही.

नानांनी वकील गाठला, अपील झालं, आणि नानांनी लिहून दिलं की मी शपथेवर खोटं बोललो, मी त्या घरी गेलोच नव्हतो. वकील म्हणाले, "दातार, तुम्हालाच आत टाकतील." "टाका," नाना म्हणाले. वकील म्हणाले, की तेवढ्यानं भागायचं नाही, पाटल्या तक्रारदाराच्या घरातच सापडल्या हे सांगणारं कुणीतरी हवं. सुलभावहिनींनी तर कानावर हात ठेवले. मग नाना माझ्याकडे आले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही ऐकलंय. त्यांच्या तोंडून. तुम्ही याल?"

मी म्हटलं, "नाना, शेजार आहे हो. रोज तोंड दिसतं. आणि ऐकीव गोष्टीला कोर्टात काय किंमत?" कायदा मला तेवढ्यापुरता बरोबर आठवला. नाना "बरं" म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

सरकारी वकिलांनी नानांना एकच प्रश्न विचारला. "तेव्हा खोटं बोललात की आता खोटं बोलताय?" अपील फेटाळलं गेलं. शब्द फिरवणाऱ्या साक्षीदारावर विश्वास ठेवता येत नाही, असं झालं. नानांना ताकीद मिळाली आणि वय बघून सोडून दिलं. घरी येऊन ते याबद्दलच बोलत राहिले. "माझं वय पाहिलं हो. तिचं वय कुणी पाहिलं नाही. तिच्या पोरीचं तर नाहीच नाही."

मग ते लोणीला गेले, मंगलच्या भावाकडे. भाऊ गोठ्यात होता. नाना म्हणाले, "तुझी बहीण चोर नाही. मी कोर्टात खोटं बोललो होतो." भावानं धार काढणं थांबवलं नाही. "आन् आता खरं बोलताय हे कशावरून?" त्यानं विचारलं.

नाना मला म्हणाले, "कोर्टातला तो शिकलेला आणि गोठ्यातला हा, दोघांनी एकच विचारलं. आणि दोघांचंही बरोबर आहे. माझा शब्द मीच नासवलाय, बाई."

मंगल शिक्षा भोगून बाहेर आली ती गेल्या उन्हाळ्यात. कात्रजची खोली कुलूप घालून तशीच होती. काम कुणी देईना. पोरगी लोणीलाच. नाना तोवर खूप थकले होते, दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. एका दुपारी माझ्या दारात आले, खांद्याला पिशवी. म्हणाले, "मंगलच्या खोलीवर जातोय. जो पंचनामा केला नाही तो करायला. पंच दोन लागतात. माझी सही फुकट गेली, तुमची अजून चालते. याल?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

रिक्षा रस्त्यापर्यंतच गेली. पुढचा चढ नाना पाच ठिकाणी थांबत चढले. मंगल दारात होती. केस पिकले होते तिचे. मला बघून तिचा चेहरा क्षणभर फुलला, "काकू, तुम्ही!" म्हणाली. तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं. नानांना ती काही म्हणाली नाही. नानांनी काय करायला आलोय ते सांगितलं, तेव्हा बाजूला झाली.

"या. बगा. पंच हाय ना तुम्ही? नीट बगा."

नानांनी उभ्यानं लिहायला सुरुवात केली. लिहायचे आणि मोठ्यानं बोलायचे. दार पश्चिमेला. खिडकी एक. भिंतीला मुलीचा शाळेचा फोटो. कोपऱ्यात स्टोव्ह. फळीवर पिठाचा डबा, प्लॅस्टिकचा, निळा, झाकणाला तडा.

"नुसतं बगून कसं चालंल?" मंगल म्हणाली. तिनं डबा खाली ठेवला. "हात घाला. बगा काय निघतंय."

नानांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. तळ चाचपला. कितीतरी वेळ हात तसाच. मग बाहेर काढला, पांढरा झालेला, आणि त्याच हातानं लिहिलं, 'डब्यात पिठाशिवाय काहीही नाही.' कागदावर पीठ सांडत होतं. खाली त्यांनी आणखी काही ओळी लिहिल्या, त्या मोठ्यानं बोलले नाहीत. मग ती सुटी सुटी सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

मला तिथून निघायचं होतं. मी घाईनं पेन टेकवलं. नानांनी कागदावर तो पिठाचा हात ठेवला.

"आधी वाचा, बाई. मोठ्यानं. तिला वाचता येत नाही."

तीस वर्षं मी मुलांना वर्गात उभं करून धडे वाचायला लावले. आज उभं राहून वाचायची पाळी माझी होती. दार, खिडकी, डबा वाचून झालं. पुढे लिहिलं होतं, 'पाटल्या तक्रारदार बाईंना त्यांच्याच घरी, शालूच्या घडीत सापडल्या होत्या. हे त्यांनी दुसऱ्या पंचांना निकालानंतर महिनाभराने स्वतः सांगितले. दुसऱ्या पंच हे कोर्टात येऊन बोलल्या नाहीत.'

मंगल माझ्याकडे बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "तुम्हाला म्हाईत हुतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मी आत हुते तवा?"

मी पुन्हा मान हलवली आणि सही केली. माझी सही तशी छान आहे. त्या दिवशी ती नीट आली नाही.

तो कागद घेऊन मंगल लोणीला गेली. भावानं गावातल्या शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला. मग मला फोन करून विचारलं, सही तुमचीच का, आणि खरं का. मी दोन्हीला हो म्हटलं. एवढं सोपं होतं ते. दिवाळीनंतर मुलगी आईकडे आली. आली, पण आईला हाक मारायची सवय मोडलेली, घुम्यासारखी बसून असते म्हणे. कोर्टाच्या कागदात मंगल अजून चोरच आहे. आणि नाना दसऱ्याच्या आधीच गेले. स्मशानातल्या नोंदवहीत शेजारी म्हणून सही करायला मला पुढे केलं. मी सगळं वाचलं. पाठीमागे लोक चुळबुळ करत होते.

नाना म्हटले की मला ते आजारपणातले आठवत नाहीत, कात्रजच्या त्या खोलीतले आठवतात. सही झाली होती. नाना उंबऱ्याशी भिंतीला टेकून उभे होते, उतरतं ऊन त्या पश्चिमेच्या दारातून त्यांच्या अंगावर येत होतं, आणि चढाचा दम अजून गेला नव्हता. मंगलनं त्यांच्याकडे पाहिलं. उठली, माठावरचं झाकण काढलं, पितळी पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. नानांनी पांढऱ्या हातानं तो घेतला, थोडा वेळ नुसताच धरून ठेवला, आणि मग एका दमात सगळं पाणी प्यायले. मंगलनं पेला विसळला आणि फळीवर पालथा घातला. मलाही तहान लागली होती. मला तिनं विचारलं नाही.